स्वादुपिंडाचा कॅन्सर: कावीळ उतरवायला नेण्याआधी हे वाचा

मामींच्या लक्षात आलं ते धुणं धुताना. मामा सोलापूरच्या पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करून चालू करून देणारे. घरी आले की अंगावर पांढरा पायजमा. त्या पायजम्यावर हळदीसारखे डाग पडायला लागले आणि दोन-दोनदा घासूनही जाईनात. मग डोळे पिवळे दिसले. शेजाऱ्यांनी सांगितलं, कावीळ आहे, अमक्या गावाला माळ घालतात, हमखास गुण येतो. लागोपाठ तीन रविवार मामांना कावीळ उतरवायला नेलं. चौथ्या आठवड्यात अंगाला अशी खाज सुटली की ते दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. तेव्हा कुठे रक्त तपासलं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं रंगद्रव्य, एकच्या आसपास असायला हवं ते १४ निघालं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पचनसंस्थेची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते, जठरामागचा तो पानासारखा अवयवही काढते. पण मामांचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा कळलं की त्याचं नाव सोडलं तर मला काहीच ठाऊक नाही. पुढचे अकरा महिने मी डॉक्टरांना विचारत आणि मिळेल ते वाचत गेले. मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने गेले, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच घरांत हे नाव पहिल्यांदा पोचलं. आता एखाद्या नटाची, नेत्याची बातमी आली, किंवा नातेवाइकांत कुणाला कावीळ झाली, की मला फोन येतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात. मी डॉक्टर नाही आणि हा लेख वाचून कुणी औषध ठरवू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

हा अवयव आहे तरी कुठे

बेंबीच्या वर, जठराच्या मागे, जवळजवळ पाठीच्या कण्याला टेकून स्वादुपिंड आडवं पडलेलं असतं. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, वीतभराहून थोडी कमी. उजवीकडचं जाड टोक म्हणजे डोकं, मधला भाग धड आणि डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेली निमुळती शेपटी. कामं दोन. रोज लिटरभर किंवा त्याहून जास्त पाचक रस आतड्यात सोडायचा, आणि इन्सुलिनसारखी संप्रेरकं रक्तात सोडून साखर ताब्यात ठेवायची. आपण भाकरीवर शेंगाचटणी आणि तेल घेतो ते पचतं या रसामुळे. खाल्ल्यावर साखर एकदम चढत नाही ती इन्सुलिनमुळे.

या आजारात सगळा घोळ जागेचा आहे. सोलापूरकरांनी सात रस्ता डोळ्यांसमोर आणावा. स्वादुपिंडाचं डोकं अशाच एका चौकात बसलंय. यकृताकडून येणारी पित्ताची नळी त्याच्या आतून जाते. लहान आतड्याचा पहिला भाग त्याला विळखा घालून असतो. आतड्यांना रक्त पुरवणारी मोठी धमनी आणि यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर त्याच्या मागून, अगदी खेटून जातात. इथे बोराएवढी गाठ झाली तरी कुठली तरी वाहतूक अडते. शेपटीकडची गाठ मात्र गल्लीच्या टोकाला असल्यासारखी. ती लिंबाएवढी झाली तरी कुणाचं काही अडत नाही, म्हणून ती फार उशिरा कळते.

कावीळ ही खूण आहे

आपण म्हणतो, "त्याला कावीळ झाली." जणू कावीळ हाच आजार. खरं तर अंगात ताप असणं आणि डोळे पिवळे असणं या दोन्ही खुणाच. कारण वेगळं शोधावं लागतं.

रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यांतून पिवळं रंगद्रव्य निघतं, तेच बिलिरुबिन. यकृत ते पित्तात मिसळतं आणि पित्त नळीतून आतड्यात उतरतं. शौचाला जो नेहमीचा रंग असतो तो यातूनच येतो. आता मोरीची नळी तुंबल्यावर काय होतं ते आठवा. खाली थेंब जात नाही आणि पाणी मागे चढून घरात येतं. पित्ताची नळी दाबली गेली की तसंच घडतं. आतड्यात रंग पोचत नाही म्हणून शौच पांढुरकी, ओल्या चिकणमातीसारखी होते. रंगद्रव्य मागे फिरून रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं, म्हणून लघवी गडद चहासारखी. पित्तातले घटक रक्तात साठतात म्हणून खाज. मामींनी पायजम्यावर जे डाग पाहिले ते हेच होते. पांढुरक्या शौचाबद्दल मामा मात्र कुणाला बोलले नव्हते. आपल्याकडची साठीतली माणसं या गोष्टी सुनेसमोर, भाचीसमोर बोलत नाहीत. घरातल्या कुणीतरी हे सरळ विचारायला हवं.

नळी अडण्याची कारणं बरीच आहेत. पित्ताचा खडा नळीत अडकणं हे त्यांतलं नेहमीचं, आणि त्यात बहुधा जोराची कळ येते. साठीच्या आसपासच्या माणसाला ताप नाही, कळ नाही, वजन मात्र उतरतंय आणि कावीळ रोज वाढतेय, अशी 'न दुखणारी' कावीळ असेल तर स्वादुपिंडाच्या डोक्याकडे बघायलाच हवं. रक्ताची लिव्हर फंक्शन टेस्ट आणि पोटाची सोनोग्राफी या दोन साध्या तपासण्यांत कावीळ विषाणूची आहे की अडथळ्याची, हे बहुतेक वेळा त्याच दिवशी कळतं. दोन्ही सोलापुरात गल्लोगल्ली होतात.

"पण आमच्या शेजारच्याची माळेनेच उतरली की!"

उतरली असेल. पाणी किंवा अन्न दूषित असलं की जी कावीळ होते ती विषाणूची असते, आणि बहुतेक माणसांत ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ घातली तरी ओसरते, नाही घातली तरी ओसरते. श्रेय माळेला मिळतं.

माळ लांबत जाते त्याला कावीळ उतरणं म्हणतात. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले असतात. काड्या सुकून आकसल्या की गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो आणि माळ छातीवरून पोटावर येते. तीच माळ भिंतीवरच्या खिळ्याला टांगा, तिथेही लांबेल. मामांची माळ बेंबीपर्यंत आली होती. बिलिरुबिन तेव्हा चढतच होतं.

माळ घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने आमच्याकडून एक रुपया घेतला नाही. त्याच्यावर माझा राग नाही. पण अडथळ्याच्या काविळीत झाडपाला, नाकातले थेंब, डाग देणं यांत गेलेले तीन आठवडे परत मिळत नाहीत. तीन आठवडे आधी गेलो असतो तर मामा वाचले असते, असंही मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही.

पोटदुखी, पाठदुखी आणि अचानक आलेली शुगर

दुसरी खूण म्हणजे वरच्या पोटातलं, पाठीत आरपार जाणारं बोथट दुखणं. आडवं झालं की वाढतं, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. आपल्याकडे दर दुसऱ्या घरात कुणाला तरी 'पित्त' आणि 'गॅस' असतो, त्यामुळे हे दुखणं त्या खात्यात जमा होतं आणि महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्या चालू राहतात. नुसतं दुखणं असेल तर घाबरू नका. दुखण्याबरोबर भूक मेली, कपडे ढिले झाले, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तर मात्र पुढे तपासा.

तिसरी खूण कमी लोकांना ठाऊक असते. पन्नाशीनंतर, घराण्यात कुणाला नसताना, अंगाने सडसडीत माणसाला एकदम मधुमेह निघतो आणि त्याच सुमारास वजन घटतं. मामांना कावीळ व्हायच्या आठ महिने आधी शुगर निघाली होती. वजन कमी झालं तेव्हा आम्हीच म्हणालो, बरं झालं, भात सोडल्याचा परिणाम दिसतोय. इथे प्रमाणही सांगायला हवं, नाहीतर उगाच घबराट होईल. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघालेल्या शंभर जणांत तीन वर्षांच्या आत हा कॅन्सर निघणारा माणूस एकही भरत नाही. म्हणून प्रत्येकाने सीटी स्कॅन काढायची गरज नाही. नवी शुगर आणि कारण नसताना उतरणारं वजन ही जोडी दिसली तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एका दमात सांगा.

सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे सुटलो का

नाही. स्वादुपिंड जठराच्या आणि आतड्यांच्या मागे आहे, आणि त्यांत हवा असते. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून नीट जात नाहीत. रिपोर्टवर "गॅसमुळे स्वादुपिंड दिसले नाही" अशा अर्थाची ओळ असते आणि आपण ती वाचतच नाही. 'दिसलं नाही' आणि 'ठीक आहे' यांत फार अंतर आहे. ती ओळ शोधून वाचा.

खरा नकाशा मिळतो तो सीटी स्कॅनमध्ये. शिरेतून औषध देऊन, ठरावीक सेकंदांच्या अंतराने स्वादुपिंडाचे बारीक काप टिपणारा खास सीटी असतो. गाठ कुठे आहे, रक्तवाहिन्यांना किती चिकटली आहे, यकृतावर डाग आहेत का, हे त्यात दिसतं.

आता एक गोष्ट, जी आम्हाला वेळेवर कुणी सांगितली नाही. काविळीचा अडथळा मोकळा करायला तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीत एक छोटी नळी बसवतात. तिला स्टेंट म्हणतात. स्टेंट बसल्यावर आजूबाजूला सूज येते, धातूचा असेल तर त्याची सावलीही पडते, आणि मग सीटीत गाठीच्या कडा नीट कळत नाहीत. म्हणून जमेल तिथे सीटी आधी आणि स्टेंट नंतर, हा क्रम चांगला. गाठ काढता येण्यासारखी असेल आणि ऑपरेशन लवकर ठरलं असेल तर कधी कधी स्टेंट लागतच नाही. थंडी वाजून ताप आला, बिलिरुबिन फारच चढलं, किंवा आधी केमो द्यायची असेल, तर स्टेंट टाळता येत नाही. मामांना एका रुग्णालयात दाखल केल्याच्या दिवशीच स्टेंट घातला आणि सीटी आठ दिवसांनी झाला. पुढच्या डॉक्टरांनी तो पाहून पहिला प्रश्न केला, "स्टेंटच्या आधीचा सीटी कुठाय?"

आणि ज्याला स्टेंट आहे त्याच्या घरच्यांनी लक्षात ठेवावं: हुडहुडी भरून ताप आला तर तो साधा ताप समजू नका. स्टेंट तुंबून पित्तात जंतू वाढलेले असू शकतात. त्याच रात्री दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबतो, धातूचा जास्त टिकतो आणि महाग असतो.

रक्तात 'सीए १९-९' नावाची एक तपासणी असते. साधारण ३७ पर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात. नुसत्या काविळीनेही हा आकडा चढतो, आणि काही माणसांच्या शरीरात हा पदार्थ जन्मतःच तयार होत नाही. त्यामुळे निदानासाठी एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही. उपचार लागू पडतोय का हे बघायला तो कामाचा आहे.

"सुई लावली की पसरतो"

हे वाक्य मी किमान वीस जणांकडून ऐकलं. त्यामागचा अनुभव खोटा नाही. पूर्वी चांगल्या स्कॅनअभावी पोट उघडायचे, आत सगळीकडे आजार दिसायचा, तसंच शिवून टाकायचे आणि माणूस दोन-चार महिन्यांत जायचा. घरच्यांना वाटायचं, हात लावला म्हणून गेला. आजार आधीच पसरलेला असायचा.

आता दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी लावून, जठराच्या आतूनच गाठीत बारीक सुई घालून तुकडा काढतात. त्यामुळे आजार पसरणं फार विरळा आहे. केमो सुरू करायची तर हा तुकडा तपासावाच लागतो, कारण नेमका कोणता आजार आहे हे ठरल्याशिवाय इतकी कडक औषधं देता येत नाहीत. गाठ सरळ काढण्यासारखी असेल तर काही वेळा तुकडा न तपासताही ऑपरेशन करतात. दोन्ही बरोबर असू शकतं.

तुकडा तपासण्याचं आणखी एक कारण. दहापैकी नऊ गाठी पाचक रसाच्या नळ्यांच्या अस्तरातून निघतात, आणि हा लेख त्यांच्याबद्दल आहे. उरलेल्यांत एक वेगळा, बहुधा संथ प्रकार असतो, संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचा. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांना तो होता. निदान २००३ मध्ये झालं आणि मृत्यू २०११ मध्ये. "ते आठ वर्षं जगले, मग आपल्याला काय होतंय" असं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या रिपोर्टवरचा प्रकार वाचावा.

ऑपरेशन होणार की नाही, हे कशावर ठरतं

बहुतेकांना वाटतं, गाठीच्या आकारावर. ठरतं मुख्यतः त्या मागच्या रक्तवाहिन्यांवर, आणि आजार यकृतात किंवा पोटाच्या अस्तरावर पसरलाय का यावर.

मामांना मी हे त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं. मागाच्या फिरत्या दांड्याजवळ सुताचा गुंता पडला, नुसता बाजूला पडलेला असला, तर तुम्ही कात्रीने उचलून टाकता. गुंता दांड्याला एका बाजूने चिकटला असेल तर जपून सोडवता. दांड्याभोवती पीळ घालून घट्ट बसला असेल तर दांडा मोडल्याशिवाय निघत नाही. मामा जरा थांबून म्हणाले, "म्हंजे माझा दांड्याला बसलाय." हो. त्यांची गाठ आतड्याच्या मोठ्या धमनीला तीन बाजूंनी वेढून होती.

डॉक्टर अशा चार पायऱ्या सांगतात: सरळ काढता येण्यासारखी, काठावरची, रक्तवाहिन्यांना वेढलेली, आणि दूर पसरलेली. निदान होताना सरळ काढता येण्यासारखी गाठ असलेले रुग्ण शंभरात पंधरा ते वीसच असतात. काठावरच्यांना आधी काही महिने केमो देतात आणि पुन्हा सीटी करतात. त्यांतल्या काहींचं मग ऑपरेशन होतं. म्हणून "आत्ता होणार नाही" हे ऐकल्यावर "केमोनंतर पुन्हा बघणार का?" हा प्रश्न विचाराच. गाठ काठावरची आहे की नाही, यावर दोन चांगल्या सर्जनचं मत वेगळं पडू शकतं. दुसरं मत घेतलं म्हणून पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

व्हिपल म्हणजे नेमकं काय कापतात

डोक्याकडच्या गाठीसाठी जे ऑपरेशन करतात त्याला व्हिपल म्हणतात. अमेरिकी सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ते मांडलं, त्यावरून हे नाव. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनळीचा तुकडा आणि कधी जठराचा खालचा भाग, हे सगळं एकत्र निघतं, कारण त्यांचा रक्तपुरवठा एकात एक गुंतलेला असतो. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनळी आणि जठर आतड्याला पुन्हा जोडतात. तीन जोड. पाच-सहा तास सहज जातात. सगळ्यांत नाजूक जोड स्वादुपिंडाचा, कारण तो अवयव लोण्यासारखा मऊ आणि त्याचा रस स्वतःच मांस पचवणारा. हा जोड गळला तर दवाखान्यातला मुक्काम लांबतो. शेपटीकडची गाठ असेल तर ऑपरेशन थोडं सोपं असतं. त्यात बहुधा प्लीहाही काढतात, आणि म्हणून काही लशी घ्याव्या लागतात.

इथे माझं मत ठाम आहे. हे ऑपरेशन जिथे नेहमी होतं तिथेच करावं. नेहमी करणाऱ्या मोठ्या केंद्रांत ऑपरेशनमुळे दगावणारे शंभरात पाचाहून कमी असतात. वर्षातून एखाददुसरं होतं तिथे धोका कितीतरी वाढतो. "तुमच्याकडे वर्षाला अशी किती होतात?" हे सर्जनना विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

केमो, आणि टक्क्यांचं गणित

गाठ काढली तरी न दिसणाऱ्या पेशी मागे राहतात, म्हणून ऑपरेशननंतर सुमारे सहा महिने केमो असते. २०१८ मध्ये फ्रान्स आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. एकाच औषधाऐवजी अनेक औषधांचं मिश्रण दिलेल्या गटात निम्मे रुग्ण सुमारे साडेचार वर्षांपलीकडे जगले, जुन्या एका औषधाच्या गटात सुमारे तीन वर्षांपर्यंत. हे मिश्रण सोसायला जड आहे. जुलाब, पांढऱ्या पेशी घटणं, हातापायांना मुंग्या. चाचणीतली माणसं अंगाने धडधाकट होती, हेही ध्यानात घ्यायला हवं. अशक्त माणसाला एक-दोन औषधांची सौम्य केमो देतात आणि ते योग्यच असतं. दूर पसरलेल्या आजारात हेच मिश्रण दिल्यावर निम्मे रुग्ण अकरा महिन्यांच्या पुढे जातात, जुन्या एका औषधावर सात महिन्यांच्या आसपास. रेडिएशनचा उपयोग या आजारात ठरावीक रुग्णांपुरताच आहे.

अमेरिकेतल्या नोंदींनुसार सगळे रुग्ण मिळून पाच वर्षं जगणारे शंभरात तेरा. आजार स्वादुपिंडापुरता असताना सापडला तर चव्वेचाळीस, दूर पसरल्यावर तीन. हे आकडे गर्दीचे असतात, तुमच्या माणसाचं वय, गाठ, ताकद त्यांत नसते. मामांना मी आकडे सांगितले नाहीत. त्यांनी स्वतः विचारले तेव्हा सांगितले.

व्हॉट्सॲपवर येतं ते 'नवं औषध'

या कॅन्सरच्या दहापैकी नऊ गाठींत 'केरास' नावाच्या जनुकात बिघाड असतो. पेशीने वाढायचं की थांबायचं हे सांगणारा तो खटका. बिघडला की तो चालू स्थितीतच अडकतो आणि पेशी वाढत सुटते. कित्येक वर्षं या खटक्याला धरणारं औषध बनतच नव्हतं. २०२१ मध्ये त्याच्या एका उपप्रकारावरचं पहिलं औषध फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, पण तो उपप्रकार स्वादुपिंडात शंभरात एक-दोघांतच सापडतो. आता इतर उपप्रकारांवरच्या औषधांच्या माणसांवर चाचण्या चालू आहेत आणि निकाल उमेद देणारे आहेत. दुसरीकडे, प्रत्येक रुग्णाच्या गाठीवरून त्याच्यापुरती बेतलेली लस आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या १६ रुग्णांवरचा अनुभव मांडला. आठ जणांच्या प्रतिकारशक्तीने लशीला प्रतिसाद दिला आणि त्यांच्यात आजार उलटायला जास्त वेळ लागला. सोळाच माणसं, हे विसरू नये. "उंदरांत गाठी पूर्ण गेल्या" अशी बातमी आली की ती उंदरांची आहे हे आधी बघा, आणि डॉक्टरांना विचारा की आपल्याला बसेल अशी एखादी चाचणी भारतात चालू आहे का.

साखर बंद, तेल बंद, मग खायचं काय

"साखर कॅन्सरला खाऊ घालते" म्हणून मामांचं गोड बंद, "पचत नाही" म्हणून तेल बंद, कुणीतरी दूधही बंद केलं. आधीच दहा किलो उतरलेला माणूस ताकभातावर आला. या आजारात माणूस उपासमारीनेही खंगतो. साखर सोडल्याने गाठ मरत नाही. शुगर वाढली तर तिला इन्सुलिन आहे.

तेल पचत नाही ते पाचक रस पोचत नाही म्हणून. शौच तेलकट, तरंगणारी, फार वास येणारी होते. त्यावर साधा इलाज आहे: पाचक रसाच्या कॅप्सूल, पॅनक्रिएटिन नावाच्या. त्या रिकाम्या पोटी घेऊन उपयोग नाही, जेवणाबरोबर घ्यायच्या असतात, पहिल्या घासाला. आमच्याकडे दीड महिना त्या सकाळी उपाशीपोटी दिल्या जात होत्या, कारण पाकिटावर वेळ लिहिलेली नव्हती आणि आम्ही विचारली नव्हती. नीट सुरू झाल्यावर मामा दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी आणि वर बोटभर शेंगाचटणी खाऊ लागले. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा.

पैसा आणि प्रवास

सोलापूर जिल्ह्याला कॅन्सर नवा नाही. बार्शीत १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, आणि ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदणी. तिथलं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, सोलापूरचं सिव्हिल, आणि मोठ्या ऑपरेशनसाठी पुणे किंवा मुंबईचं टाटा, असा बहुतेकांचा मार्ग असतो. केमो जवळ घेता येते. औषधांचा आराखडा मोठ्या केंद्रातून लिहून आणायचा आणि सलाईन इथे लावायचं, अशी सोय बरेच डॉक्टर करून देतात. दर पंधरवड्याला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर जाऊन थकलेल्या माणसाला परत आणणं किती कठीण आहे हे आम्ही तीन वेळा केल्यावर समजलं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. आपला नेमका उपचार त्यात बसतो का, हे दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाकडे, विचारा. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात तिकिटात सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आणि सीटीची फिल्म नुसती न घेता सीडी मागून घ्या. पुढचा सर्जन तीच मागतो.

वेदनेवर उपचार म्हणजे हात टेकणं आहे का

स्वादुपिंडामागे मज्जातंतूंचं एक जाळं आहे, गाठ त्यात शिरली की दुखणं असह्य होतं. मामा कित्येक आठवडे पोटाशी उशी धरून, पुढे वाकून, बसूनच झोपायचे. मॉर्फिनचं नाव काढल्यावर घरातले बिचकले: सवय लागेल, आता संपलंच. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीत मॉर्फिन घेणाऱ्याला नशेखोरासारखी चटक सहसा लागत नाही. मात्र बद्धकोष्ठ होतो, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतं. त्या जाळ्यातच सुईने औषध सोडून ते बधिर करण्याचीही सोय आहे. मामांना ती दिली त्या रात्री ते पाठीवर उताणे झोपले. मामी दोनदा उठून श्वास चाललाय ना ते बघून आल्या.

हे उपचार केमो चालू असतानाच सुरू करता येतात. शेवटासाठी राखून ठेवण्याचं कारण नाही.

"आम्हालाही होईल का?"

मामेभावाने हे विचारलं तेव्हा मामा शेजारच्या खोलीत होते. बहुतेकांना हा आजार वारशाने मिळत नाही. वय, तंबाखू, लठ्ठपणा, जुना मधुमेह, स्वादुपिंडाची वर्षानुवर्षांची सूज ही मोठी कारणं. तंबाखूत विडी-सिगारेट आलीच, आणि तोंडात धरायचा तंबाखूही आला. मावा खाणाऱ्याला फक्त तोंडाची भीती असते असं आपल्याकडे समजतात, ते चूक आहे. सरसकट सगळ्यांनी दरवर्षी सीटी काढून फायदा नाही.

दहापैकी एखाद्या रुग्णात मात्र वारशाने आलेला जनुकदोष सापडतो. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरशी जोडलेला 'बीआरसीए' हा त्यांतला एक. तो असेल तर रुग्णाला चालणारं औषध बदलू शकतं, आणि मुलामुलींनी, भावंडांनी कोणत्या तपासण्या करायच्या हेही ठरतं. म्हणून या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची जनुकतपासणी करावी असा आता सल्ला आहे. त्यासाठी लागतं थोडं रक्त, आणि ते रुग्णाचंच असलं तर उत्तर सगळ्यांत स्पष्ट मिळतं.

अकरा महिन्यांत मामांचं रक्त कितीतरी वेळा काढलं गेलं. ही एक तपासणी त्यात नव्हती. आम्हाला कुणी सांगितली नाही, आणि विचारायची असते हे मला कळलं तेव्हा मामा नव्हते.